झाडीपट्टीच्या स्टेजवरून रॉक बँडचा ड्रम टेक्निशियन होता येईल का?

प्रश्न थोडक्यात असा. विचारणारा गडचिरोली जिल्ह्यातल्या देसाईगंज-वडसा भागातला आहे, वय २२. झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या धानाच्या पट्ट्यातल्या, एका नाटक कंपनीत ऑक्टोपॅड आणि ड्रम वाजवतो, स्टेजवरची जोडणीही तोच करतो. त्याला देशभर फिरणाऱ्या रॉक बँडचा ड्रम टेक्निशियन व्हायचं आहे. साउंडच्या कोर्सची फी लाखांत सांगितली आहे, ती भरावी का? मुंबईला जावंच लागेल का? पोट भरेल का? आणि धानाची शेती करणाऱ्या वडिलांना हे काम नेमकं काय म्हणून सांगायचं?

मी वर्धा जिल्ह्यातला. हिवाळाभर हेच काम करत फिरतो आणि पावसाळ्यात गावी असतो. वयाने मोठा आहे म्हणून सरळ ‘तू’ म्हणतो, राग मानू नकोस.

कोर्सचं नंतर बघू. आधी एक गोष्ट स्वतःशी तपासून घे: तुला ड्रम वाजवायचे आहेत की लावायचे आहेत? टेक्निशियन दिवसाकाठी जे काही वाजवतो ते लाइन चेकला, म्हणजे एकेका ड्रमचा माइक तपासताना. किक (पायाने वाजणारा मोठा ड्रम), किक, किक, साउंडवाला ‘नेक्स्ट’ म्हणेपर्यंत. मग स्नेअर (खाली तारा असलेला ड्रम), मग टॉम (बाकीचे ड्रम). संध्याकाळी टाळ्या दुसऱ्याला. २००४ साली इंग्लंडच्या डाउनलोड फेस्टिव्हलमध्ये मेटॅलिका या अमेरिकन बँडचा ड्रमर लार्स उलरिक आजारी पडला आणि इतर ड्रमरांसोबत त्याचा टेक्निशियन फ्लेमिंग लार्सनही त्या रात्री वाजवायला बसला, हा किस्सा या धंद्यात येणाऱ्या प्रत्येक पोराला पाठ असतो. किस्सा खरा आहे, पण त्या आशेवर येऊ नकोस. वाजवायची हौस मनात ठेवून या कामात आलेली पोरं लवकर कडू होतात. ड्रमरचा हात चुकला की त्यांना आतून बरं वाटायला लागतं, आणि मग त्यांचं कामावरचं लक्ष उडतं. तुझी हौस वाजवण्याचीच असेल तर झाडीपट्टी सोडू नकोस. तिथे रात्रभर वाजवायला मिळतं, तेवढं कुठल्याच रॉक बँडच्या ड्रमरला मिळत नाही.

वडिलांना सांगायला उदाहरण तुमच्याच भागातलं आहे. शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, जोडी हाकणारा एक असतो आणि जोडीचा खुराक, खूर, शिंगं, वेसण पाहणारा दुसरा असतो. पळताना लोक हाकणाऱ्याला पाहतात, पण जोडी लंगडली तर मालक दुसऱ्याला विचारतो. तू तो दुसरा.

आता कामाचं. या कामाचे पैसे एकाच गोष्टीसाठी मिळतात. ड्रमर स्टुलावर बसला आणि न बघता त्याने हात टाकला, तर कालच्या जागीच क्रॅश (मोठी झांज) सापडली पाहिजे. पेडलवर पाय पडला तर कालच्याइतकाच ताण लागला पाहिजे. गाव बदललं, हवा बदलली, सगळंच बदललं, तरी त्याच्यापुरतं काहीच बदललेलं नसावं. बाहेरच्या मोठ्या बँडांचा ड्रमसेट ट्रकने सोबत फिरतो, म्हणून तिथे हे थोडं सोपं. आपल्याकडे बहुतेक बँड विमानाने किंवा रेल्वेने जातात. देशातल्या विमानात साध्या तिकिटावर साधारण १५ किलो सामान चालतं, आणि स्टँडची एक पेटीच त्याच्या दुप्पट भरते. म्हणून ड्रमर सोबत फक्त ‘ब्रेकेबल्स’ नेतो: स्वतःचा स्नेअर, सिंबल, किकचा पेडल, काठ्या. बाकीचा सेट त्या त्या शहरातल्या बॅकलाइनवाल्याकडून, म्हणजे स्टेजवरची वाद्यं पुरवणाऱ्याकडून, भाड्याने येतो. म्हणजे रोज परका सेट. विंगनट हरवलेले, लगचे (ज्यात ताणाचा रॉड फिरतो त्या भागाचे) आटे गेलेले, हेड (ड्रमचा पडदा) मेलेलं, हायहॅटचा (पायाने मिटणाऱ्या झांजांच्या जोडीचा) क्लच गायब. दोन-तीन तासांत तो तुझ्या ड्रमरचा सेट वाटायला लागला पाहिजे, हेच आपल्याकडचं ड्रम टेक्निशियनचं काम.

आणि इथेच तू नवखा नाहीस. दिवाळीपासून होळीपर्यंत रोज नवं गाव, मंडईच्या (गावच्या जत्रेच्या) किंवा पटाच्या गर्दीत उभा केलेला स्टेज, ट्रकमधून सामान उतरवायचं, रात्री दहा-साडेदहाला पडदा, पहाटे सामान पुन्हा ट्रकमध्ये. पुण्या-मुंबईच्या कोर्समधून निघालेल्या पोरांनी हे पाहिलेलं नसतं. पूस महिन्यातल्या रात्री हेडवर आणि सिंबलवर दव बसतं, धानाच्या बांधीत स्टेज असला की एक पाय खचतो, जनरेटर बदलताना व्होल्टेज उडी मारतं, हे तू भोगलेलं आहेस. कुणी अनुभव विचारला तर ‘गावाकडे नाटकात वाजवतो’ एवढंच सांगून थांबू नकोस. एका सीझनमध्ये किती रात्री जोडणी केली, एका रात्रीचं सामान किती वेळात उभं करतोस, ते सांग.

कमी काय पडतं तेही सांगतो. ऑक्टोपॅडला सूर लावावा लागत नाही, खऱ्या ड्रमला लागतो, आणि कंपनीतला तुमचा ड्रम बहुधा एकदा घट्ट करून ठेवला की सीझनभर तसाच वाजतो. तेव्हा पहिलं शिकायचं ते सूर लावणं. जुना, मोडका का होईना, एक १४ इंची स्नेअर मिळव आणि पूर्ण उघड. कॉलेजांच्या गॅदरिंगला सामान देणारे साउंडवाले असले सेट कोपऱ्यात टाकून देतात. शेलची, म्हणजे ड्रमच्या खोक्याची, कड, जिच्यावर हेड टेकतं, तिच्यावरून बोट फिरव. कुठे खाच लागली तर त्या जागी हेड कधीच नीट बसणार नाही, तू कितीही आवळ. कड कापडाने पूस, हेड ठेव, रिम (हेड दाबणारं कडं) ठेव, सगळे रॉड आधी नुसत्या बोटांनी टेकव. मग ड्रम की लावून समोरासमोरच्या जोडीने अर्धा-अर्धा फेरा दे. गोल फिरत ओळीने आवळलंस तर एका बाजूला ताण जातो आणि रिम तिरपी बसते. थोडा ताण आला की प्रत्येक रॉडपासून इंचभर आत काठीने हलकं टिचक, मध्यावर बोट ठेवून. दहा रॉड असतील तर दहा जागी एकच सूर आला पाहिजे. एका जागी उतरलेला आला तर त्याच रॉडची की लगेच फिरवू नकोस, समोरचाही ऐक. बरेचदा समोरचा जास्त आवळलेला असतो.

खालच्या हेडला जप. ते फक्त ३ मिलचं असतं, म्हणजे इंचाचे तीन हजारांश. वरचं हेड साधारण १० मिलचं किंवा ७-७ मिलच्या दोन थरांचं. वरच्यावर काठी पडायची असते, खालच्यावर अंगठा जोरात दाबला तरी वळ उठतो. एकेरी हेड खुलं वाजतं, दुहेरी जास्त टिकतं आणि सूर लवकर थांबवतं. कुठलं घ्यायचं हा निर्णय ड्रमरचा. आपलं मत त्याने विचारलं तर द्यायचं.

कान तयार करायला तुझ्याजवळ गुरू आहेच. तुमच्या कंपनीतला तबलजी हातोडीने सोळा घरं एका सुरात आणतो, तेव्हा त्याच्याजवळ बस. ताण मोजणारी यंत्रं, सुराचे आकडे दाखवणारी यंत्रं मिळतात, मीही वापरतो, कारण गर्दीत बाजूला दुसऱ्या बँडचा साउंड चेक चालू असला की कानाला काही कळत नाही. पण यंत्र नंतर घे.

हवामानाबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण विदर्भातल्या माणसाला हे पटकन कळतं. डफ शेकून चढवायचा आणि पावसाळ्यात तो उतरतो, हे तू लहानपणापासून पाहिलं असशील. कातडं ओल धरतं. ड्रमचं हेड पॉलिएस्टरच्या फिल्मचं असतं, ते ओल फारशी धरत नाही, म्हणून पोरं समजतात की याला हवेचं काही होत नाही. होतं, पण ते उन्हाने होतं. ऊन लागलं की हेड सैल पडतं आणि सूर उतरतो, गार झालं की चढतो. उघड्यावरच्या शोचा साउंड चेक दुपारी चारला होतो आणि बँड चढतो रात्री नऊला. दुपारी सुंदर लावलेला टॉम रात्री किंचाळतो. म्हणून मी दुपारचा सूर साउंडवाल्यासाठी लावतो आणि शोआधी अर्धा तास पुन्हा सगळ्या ड्रमांवर कान फिरवतो. त्या वेळी वरून मोठ्याने वाजवता येत नाही, बोटाने टिचकून ऐकावं लागतं. याची सवय लाव. सेट वातानुकूलित खोलीतून उन्हात आला किंवा उलट झालं, तर अर्धा-पाऊण तास त्याला हात लावू नये. आणि आपल्याकडच्या मे महिन्यात, पारा ४५ ला टेकलेला असताना, बंद ट्रकमध्ये ड्रम ठेवून जेवायला जाणारा माणूस मला सोबत नको.

आता आट्यांचं. बहुतेक कंपन्यांच्या टेन्शन रॉडला १२-२४ चे आटे असतात, म्हणजे १२ नंबरची जाडी आणि इंचाला २४ आटे. वडशाच्या हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा बोल्ट मिलिमीटरच्या मापाचा. तो दोन फेरे आत जातो, छान बसल्यासारखा वाटतो, तिसऱ्या फेऱ्याला लगचे आटे खाऊन टाकतो. भाड्याच्या सेटांची निम्मी दुखणी या ‘जुगाडाने’ झालेली असतात. म्हणून झोळीत खरे रॉड ठेव, लांब आणि आखूड दोन्ही. सोबत ड्रम की (एक नाही, तीन), सिंबलचे फेल्ट आणि प्लास्टिकच्या नळ्या, विंगनट, हायहॅटचा क्लच, स्नेअरच्या तारा बांधायची फीत, किकच्या हेडवर चिकटवायचा पॅच, टॉर्च, मल्टिमीटर, इंचटेप, गॅफर टेप. त्यातली नळी दोन रुपयांची वाटते, पण ती नसली की सिंबलचं भोक स्टँडच्या आट्यांवर घासतं, लांबट होतं आणि पुढे तिथूनच तडा जातो. खाकी पॅकिंग टेप मात्र नेऊ नकोस. उन्हात तिचा डिंक पाझरतो आणि दुसऱ्याच्या कार्पेटवर राहतो.

इंचटेप कशाला? ड्रमरची मापं लिहायला. स्टुलाची उंची, स्नेअरच्या रिमची जमिनीपासून उंची, किकपासून हायहॅटच्या पेडलचं अंतर. क्रॅशचे कोन फोटोत, आणि फोटो ड्रमरच्या जागी बसून त्याच्या डोळ्यांच्या उंचीवरून काढलेला. आपलं कार्पेट सोबत असेल तर प्रत्येक पायाची खूण टेपने, दर स्टँडला वेगळा रंग. हे तू याच सीझनमध्ये सुरू करू शकतोस. दुसऱ्या कंपनीतला ड्रमर बघ, त्याची मापं घे, त्याला पुन्हा काही न विचारता त्याचा सेट जसाच्या तसा लावून दाखव. तो बसून काहीही न हलवता वाजवायला लागला तर समज की जमलं.

विजेचं एकच सांगतो, कारण यात ऑक्टोपॅड जळताना पाहिले आहेत. रोलँडच्या पॅडच्या ऍडॅप्टरला मधे ऋण आणि बाहेर धन असतं, बाजारातले पुष्कळसे ऍडॅप्टर याच्या उलट. पिन बसली म्हणजे चालतो असं नाही. आणि हॅलोजन, कुलर ज्या फेजवर आहेत तिच्यावर आपलं काही लावायचं नाही. आधी मल्टिमीटर सॉकेटमध्ये घाल, २३० च्या आसपास आकडा स्थिर दिसला तर पुढे जा. रॉक बँडमध्येही आता ड्रमरजवळ लॅपटॉप असतो, त्यातून क्लिक (ताल धरायची टिकटिक) आणि आधी रेकॉर्ड केलेले ट्रॅक वाजतात, आणि तो सांभाळणं टेक्निशियनकडेच येतं.

कोर्सचं आता. ड्रम टेक्निशियनला कुणी सर्टिफिकेट विचारत नाही, मला तरी आजवर विचारलेलं नाही. तुला मिक्सिंग करायचं असेल, साउंडवाला व्हायचं असेल तर कोर्सचा उपयोग आहे, पण ती वेगळी वाट. कर्ज काढून भरायची ही फी नाही. त्यातल्या थोड्या पैशात जुना सेट, दोन-तीन प्रकारची हेड आणि नागपूरला राहण्याची सोय होईल.

मुंबईबद्दल मात्र ठाम उत्तर देता येत नाही, ते तुझ्या घरच्या परिस्थितीवर आहे. आपल्या देशात फक्त ड्रमपुरता माणूस ठेवणारे बँड फार थोडे. बहुतेक ठिकाणी एकच माणूस ड्रम, गिटार, कीबोर्ड सगळं बघतो, आणि तो बॅकलाइन भाड्याने देणाऱ्याकडचा असतो. असे मोठे भाडेवाले मुंबई, पुणे, बंगळुरू, दिल्लीला आहेत. आत शिरायची खरी वाट त्यांच्या गोदामातून जाते: पेट्या उचलणं, केबल गुंडाळणं, परत आलेला सेट पुसून ठेवणं. पण तिथे जाऊन महिनोन्महिने खोलीभाडं भरायची ताकद नसेल तर आधी नागपूर. कॉलेजांचे फेस्ट, ऑर्केस्ट्रा, नवरात्राचे कार्यक्रम, काही चर्चमधले बँड, सगळीकडे खरा सेट असतो आणि नीट लावणारा माणूस नसतो. बाहेरचा बँड नागपूरला आला की इथल्या साउंडवाल्याला मदतनीस लागतातच. एखाद्या बँडने रायडर पाठवलेला असतो, म्हणजे कुठला सेट, किती इंची ड्रम, कुठलं हेड, किती स्टँड याची यादी, सोबत स्टेजचा नकाशा. तो इंग्रजीत असतो. इंग्रजी बोलता नाही आलं तरी चालेल, पण तो कागद अडखळत का होईना पूर्ण वाचता आला पाहिजे, आणि त्यातलं काय मिळालं नाही हे शोच्या दिवशी नव्हे, आदल्या आठवड्यात फोन करून सांगता आलं पाहिजे. फेस्टिव्हलला तर चाकांच्या रायझरवर (उंच चौथऱ्यावर) सेट मागे लावून ठेवतात आणि दोन बँडांच्या मधल्या थोड्या मिनिटांत तो पुढे ढकलतात. पुण्यात २०१० ला एनएच७ वीकेंडर हा संगीत महोत्सव सुरू झाला तेव्हापासून असं काम समजणाऱ्या माणसांची गरज वाढत गेली आहे.

पैशाचा आकडा मी लिहिणार नाही, कारण बँड कोणता आणि काम रोजावर की शोवर, यावर तो फार बदलतो. पण एक अडचण कुणी सांगत नाही. रॉक शोचा सीझन आणि झाडीपट्टीचा सीझन एकच आहे. दोन्हींना कोरडी, थंड हवा लागते. म्हणजे वडशाचं काम सांभाळून हे जोडकाम म्हणून जमणार नाही. दोन्हीतलं एक सोडावं लागेल. उलट जुलैची रोवणी दोन्हींच्या आड येत नाही. तू शेती सोडणार नाहीस हे वडिलांना पटवायला तुला हा मुद्दा कामी येईल. कापणीचे दिवस मात्र अडतील, तेव्हा मजुराची सोय आधीच बोलून ठेव. पैसे उशिरा येतात हेही धरून चाल. माझे एका आयोजकाकडचे पैसे पुढचा सीझन लागला तरी आले नव्हते. तेव्हापासून तिकीट आणि जेवण-राहण्याचा खर्च आधी घेतल्याशिवाय मी निघत नाही, आणि ठरलेली रक्कम निदान मेसेजवर लिहून घेतो.

कानाचंही लिहून ठेवतो. ८५ डेसिबलला आठ तास चालतात, पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो, म्हणजे १०० डेसिबलला फक्त पंधरा मिनिटं. ड्रमरच्या पाठीमागे उभं राहिलं की आवाज त्या १०० डेसिबलच्याही वर असतो. कानात घालायचे प्लग स्वस्त मिळतात. ते झोळीत नको, खिशात हवेत.

पासपोर्ट आत्ताच काढून ठेव. दिल्लीचा ब्लडीवुड हा मेटल बँड २०१९ ला जर्मनीच्या वाकन फेस्टिव्हलमध्ये वाजला. आता आपले बँड बाहेर जातात, तेव्हा ज्याचा पासपोर्ट तयार आहे त्याचंच नाव यादीत येतं. सामान न्यायला कार्ने नावाचा कागद लागतो, भारतात तो फिक्की या उद्योगसंघटनेकडून मिळतो. त्यात प्रत्येक वस्तू सीरियल नंबर, वजन, किंमत यांसह लिहावी लागते आणि परत येताना तीच वस्तू दाखवावी लागते. ही यादी करणं टेक्निशियनच्याच गळ्यात पडतं, म्हणून आत्तापासून स्वतःच्या सामानाची वही ठेव.

राहिलं कधी निघायचं. या सीझनची सुपारी घेतली असशील तर होळीपर्यंत कंपनी सोडू नकोस. नागपूरचा कुठलाही साउंडवाला तुला ठेवण्याआधी वडशाला एक फोन लावेल, आणि तुझ्या हाताबद्दल विचारण्याआधी तू मधेच सोडून आलास का ते विचारेल. होळी झाली की नागपूरला ये. उन्हाळ्यात गोदामं भरलेली असतात, दुरुस्तीची कामं पडून असतात आणि शिकवायला माणसांना वेळ असतो. येताना तो उघडलेला स्नेअर आणि मापांची वही सोबत आण.